रेशम्याची फणी

‘पट्टीबंधक’ हे माझ्या नोकरीचं सरकारी नाव. मुलगी बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, “म्हणजे नेमकं काय बांधता?” मी म्हणालो, “जनावरांच्या जखमा.” त्यांनी हातातली बशी खाली ठेवली आणि बराच वेळ छताकडे बघितलं. तरीही मुलगी दिली, हा त्यांचा मोठेपणा.

भिवंडीत मात्र मला या नावाने कोणी हाक मारली नाही. शेतकरी कंपाउंडर म्हणत, टांगेवाले कंपौंडरसाब म्हणत, आणि आमचे डॉक्टरसाहेब नुसतंच “अहो, धरा” म्हणत. माझ्या कामाचं खरं वर्णन तेच होतं. गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर सुई टोचतात, चिरतात, शिवतात. पण त्याआधी ते जनावर कोणीतरी धरावं लागतं, धुवावं लागतं, जखमेभोवतीचे केस कापावे लागतात, वाढलेले खूर तासावे लागतात, गोचीड वेचावे लागतात. तो कोणीतरी म्हणजे मी. सत्तरच्या दशकातली माझी सगळी उमेद या धराधरीत गेली, आणि गेली ते बरंच झालं.

हे सगळं आठवायचं कारण, परवा शेजारच्या सूनबाई मला हौसेने त्यांच्या कुत्र्याबरोबर पार्लरमध्ये घेऊन गेल्या. हो, कुत्र्यांचं पार्लर. काचेचं दार, गार हवा, एक तरुण मुलगी त्या कुत्र्याचे केस विंचरत होती, नखं कापत होती, कान पुसत होती. सूनबाईंना वाटलं, म्हातारा हसेल. मला हसू नाही आलं. ती मुलगी विंचरताना दुसरा हात कुत्र्याच्या पोटाखालून, काखेतून सावकाश फिरवत होती. मी तिला विचारलं, “हे कोणी शिकवलं?” ती म्हणाली, “कोणी नाही काका, असंच. गाठबीठ असली तर कळते.” मला तिथल्या तिथे तिला आमच्या दवाखान्यात भरती करावीशी वाटली. तो दवाखानाही आता त्या रूपात राहिलेला नाही, ती गोष्ट वेगळी.

लोकांना वाटतं, जनावराला घासणं-पुसणं ही हौस आहे. दिसायला छान दिसावं म्हणून करायची. माझं उभं आयुष्य हे उलट सांगण्यात गेलं. जनावराला बोलता येत नाही. त्याचं दुखणं केसांखाली असतं. रोज अंगावरून हात फिरला तर वाटाण्याएवढी गाठ वाटाण्याएवढी असतानाच सापडते. हात फिरला नाही तर ती नारळाएवढी झाल्यावर आमच्या दारात येते, आणि मग मालक विचारतो, “कालपर्यंत तर बरा होता, अचानक कसं झालं?” अचानक काही झालेलं नसतं. नुसता हात लागलेला नसतो.

हे मला शिकवलं एका टांगेवाल्याने. गफूरचाचांचा टांगा भिवंडी-कल्याण रस्त्यावर चालायचा. त्यांची घोडी आमच्या दवाखान्यात क्वचित यायची, आणि आली तरी इतकी लहानसहान तक्रार घेऊन यायची की डॉक्टरसाहेब वैतागत. मी एकदा चाचांना विचारलं, “एवढंसं खरचटलं ते तुम्हाला दिसतं तरी कसं?” चाचांच्या हातात खरारा होता, घोड्याचं अंग घासायचा तो लोखंडी दात्यांचा ब्रश. म्हणाले, “दिखता नहीं कंपौंडरसाब. खरारा करते वक़्त घोडी बोलती है. जहाँ दुखता है वहाँ चमडी ज़रा-सी काँपती है. बस, हाथ को सुनना आना चाहिए.”

हाताला ऐकू यायला पाहिजे, हे मी तेव्हापासून धरून ठेवलं. अर्थात सगळीच गिऱ्हाइकं चाचांसारखी नव्हती. एका कारखान्यातला जॉबर, म्हणजे मागांची देखरेख करणारा मुकादम, आपल्या लाडक्या शेळीला खोबरेल तेल चोपडून घेऊन आला होता. का, तर दवाखान्यात न्यायचं म्हणजे नीटनेटकी नको का. वाटेत तिच्यावर सगळ्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खोल्यांतला उडता कापूस चिकटलेला. शेळी पांढरी का काळी हे कळेना आणि धरायला जावं तर माशासारखी सुटे. डॉक्टरसाहेब सुई घेऊन माझ्यामागे, मी शेळीमागे आणि जॉबर माझ्यामागे “अरे सँभालके, सँभालके” करत. असे दिवसही होते.

त्या उडत्या कापसाबद्दल सांगायला हवं, कारण पुढची गोष्ट त्याच्यातूनच निघाली. भिवंडीत तेव्हा दर गल्लीत लूम खटखटत असायचे. सुतातून सुटलेलं तूस हवेत तरंगायचं. ते कामगारांच्या भुवयांवर बसायचं, चहाच्या ग्लासात पडायचं, आणि केसाळ जनावर दिसलं की तिथे मुक्कामच करायचं.

टेमघरचे बुधाजी अशाच एका कारखान्यात लूमवर होते. टेमघर तेव्हा गावच होतं, भाताची खाचरं आणि मधून पायवाट. बुधाजी दिवसाची ड्युटी करायचे आणि बाकी वेळ शेतात. त्यांच्या सेठने मुंबईहून लांब केसांचं एक पांढरं पिल्लू आणलं होतं. सेठाणीला ते नको झालं, म्हणून बुधाजींच्या पदरात पडलं. बुधाजींच्या बायकोने, हिराबायने, त्याचं नाव ठेवलं रेशम्या. ते बुधाजींबरोबर कारखान्यात जायचं, लूमखाली झोपायचं, शिफ्ट सुटली की त्यांच्याबरोबर घरी यायचं.

एका श्रावणात हिराबाय त्याला पदराखाली झाकून दवाखान्यात घेऊन आली. पदर बाजूला केला तेव्हा मला आधी कुत्रा दिसलाच नाही. गोधडी दिसली. कापसाचं तूस, लूमचं तेल, पावसाचा चिखल आणि त्याचे स्वतःचे केस, सगळं मिळून एक जाड वाकळ झाली होती. त्यातून दोन डोळे बघत होते. मी डाव्या कानामागे बोट सरकवलं आणि रेशम्या कळवळला. बोट बाहेर काढलं तर ओलं. वास मी ओळखला. आत जखम होती, त्यावर माशी बसलेली होती आणि आत किडे पडलेले होते.

डॉक्टरसाहेबांनी बघितलं आणि म्हणाले, “सगळे केस काढा. आजच. कानाच्या आत उतरलं तर मग माझ्या हातात काही राहणार नाही.”

मी कात्री घेतली. हिराबायने कात्री बघितली आणि रेशम्याला उचलून छातीशी धरलं.

“केस कापाचं न्हाय,” ती म्हणाली.

“अहो बाई, केस कापल्याशिवाय औषध पोचणार कसं?”

“वरनं सोडा औषध. केस कापाचं न्हाय.”

डॉक्टरसाहेबांनी समजावलं, मी समजावलं. ती मान हलवत राहिली. शेवटी मी वरवर जमेल तेवढं टर्पेंटाइन कानामागे सोडलं, आणि ती रेशम्याला घेऊन पावसात चालू लागली. तिच्या पायात चपला नव्हत्या. डॉक्टरसाहेब म्हणाले, “हा कुत्रा जाणार बघा.” त्यांना राग आला होता, पण रागापेक्षा वाईट जास्त वाटलं होतं.

मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी ड्युटी संपवून मी सायकलने टेमघर गाठलं. मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे डोक्यात जट झाली की ती देवीची समजतात आणि तिला कात्री लावत नाहीत. मला वाटलं, हिराबायचं तेच आहे. म्हणून ओट्यावर बसल्या बसल्या मी माझं व्याख्यान सुरू केलं. जट देवीची नसते, ती तेलाची आणि कापसाची असते, देवी कशाला कुत्र्याच्या केसात राहायला येईल, वगैरे. हिराबायने मला पूर्ण बोलू दिलं. रेशम्या तिच्या पायाशी पडून होता आणि ती पंख्याने त्याच्यावरच्या माशा वारत होती.

माझं संपल्यावर ती म्हणाली, “देवीचं कोन बोललं? जावल हाय त्याचं.”

तिकडच्या बोलीत ळ चा ल होतो. त्यामुळे ‘जावल’ म्हणजे जावळ हे माझ्या डोक्यात शिरायला एक क्षण लागला. जावळ. बाळाचे पहिले केस. मामाच्या मांडीवर बसवून काढायचे, एरवी त्यांना कात्री लावायची नाही. मी हसणार होतो. नशीब, हसलो नाही, कारण तेवढ्यात बुधाजी कारखान्यातून आले, त्यांनी बायकोचा चेहरा बघितला आणि मला म्हणाले, “चला कंपाउंडर, तुमाला रस्त्यापतूर सोडतो.”

खाचराच्या बांधावर उभं राहून त्यांनी मला सांगितलं. त्यांना एक मुलगा झाला होता. दिनेश. त्याचं जावळ काढायचा दिवस ठरला, पाहुणे जमले, न्हावी येऊन बसला. मामा आला नाही. मामा म्हणजे हिराबायचा थोरला भाऊ, काथोड, राहनाळचा. सगळ्यांनी दुपार कलेपर्यंत वाट बघितली आणि पुढचा मुहूर्त बघू म्हणून उठले. पुढचा मुहूर्त यायच्या आत पोराला ताप भरला आणि तो गेला. “जावलासकट गेला,” बुधाजी म्हणाले. “दुसरा न्हाय झाला. ती भावाला एकच शब्द बोलली. बोलली, बैलाला मांडीवं घेतलास, माझ्या पोऱ्याला न्हाय घेतलास. तवापासनं काथोड आमचा उंबरा चढला न्हाय.”

बैल म्हटल्यावर मला लख्ख आठवलं. त्या दिवशी काथोड कुठे होता हे मला माहीत होतं. तो माझ्यासमोर होता.

त्याच्या बैलाने वालाचा हिरवा पाला भरमसाट खाल्ला होता आणि त्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं. अशा वेळी जनावर आडवं पडू द्यायचं नसतं. मान वर धरून ठेवावी लागते, नाहीतर श्वास कोंडून मरतं. तो बैल दुसऱ्या कोणाला मान धरू देईना. काथोड आमच्या दवाखान्याच्या फरशीवर बैलाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, अंगात नवा सदरा होता, खांद्याला पिशवी होती. डॉक्टरसाहेब पोटातला वारा काढत होते. काथोड मधूनमधून उन्हाकडे बघत होता. मला तेव्हा वाटलं, याला घरी जायची घाई आहे. तो भाच्याच्या जावळाला निघाला होता, हे आत्ता कळलं.

मी सायकल तशीच राहनाळकडे वळवली.

आज राहनाळला, काल्हेरला गोदामांची रांग आहे, ट्रक वळवायला जागा नाही. तेव्हा तिथे तळं होतं आणि तळ्याच्या काठाला काथोड बैल धूत होता. पेंढ्याचा बोळा करून तो बैलाची पाठ, वशिंड, मानेखालची पोळी सगळं घासत होता. त्याच्या बैलांवर कधी गोचीड सापडला नाही. राहनाळचा काथोड म्हणजे आम्ही दवाखान्यात इतरांना सांगायचो, त्याच्याकडे जाऊन बघा जनावर कसं ठेवतात ते.

मी त्याला रेशम्याचं सगळं सांगितलं. तो घासायचा थांबला नाही.

“म्हंजे मी कुत्र्याचा मामा?” त्याने विचारलं.

“हो.”

“गाव हसंल.”

“हसेल.”

“तिनं बोलावलाय काय?”

मी खोटं बोलणार होतो. पण त्याच्या हातांकडे बघून बोलवेना. “नाही,” मी म्हणालो.

त्याने बैलाच्या पाठीवर पाणी मारलं. मग दोन्ही हात माझ्यापुढे धरले. नांगराने, दोराने घट्टे पडलेले, भेगांत चिखल मुरलेला. “बारशाला ती बोलली, दादूस, घे त्याला,” तो म्हणाला. “एवढासा व्हता. मी हे हात बघितलं. टोचतील त्याला. मी बोललो, आता नको, जावलाला घेईन मांडीवं.” आणि तो परत बैल घासायला लागला. मीही सायकल फिरवली. थोडा पुढे गेल्यावर त्याने मागून हाक मारून विचारलं, “कंच्या कानामागं हाय?”

“डाव्या,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखाना उघडायला गेलो तर काथोड पायरीवर बसलेला. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, खांद्याला पिशवी. बैल नाही. मी विचारलं, “टेमघरला नाही गेलात?” तो म्हणाला, “उंबरा तिचा हाय. बोलावल्याबिगर कसा चढू? हितं सगल्यांचीच पायरी.” आणि आत येऊन तो नेमका त्याच फरशीवर बसला, जिथे बैलाला घेऊन बसला होता. मला माहीत होतं की हिराबाय येईल का हे काही सांगता येत नाही. मी त्याला तसं म्हणालो. तो म्हणाला, “बसतंय.”

तो बसून राहिला. गाई आल्या, शेळ्या आल्या, एक म्हैस त्याच्या अंगाला घासून गेली. तो भिंतीकडे सरकला, पण उठला नाही. डॉक्टरसाहेबांनी मला डोळ्यांनीच विचारलं, मी डोळ्यांनीच सांगितलं. त्यांनी त्याला बाहेर काढलं नाही.

दुपारच्या वेळी हिराबाय आली. मागे बुधाजी. रेशम्याने रात्रीपासून अन्न सोडलं होतं आणि तो कान जमिनीला घासून रडत होता. ती दारातच उभी राहिली. मला म्हणाली, “कंपाउंडर, काय करायचं ते करा. पोऱ्या मरंल माझा.” तिच्या तोंडून ‘पोऱ्या’ शब्द निघून गेला आणि तो तिलाच ऐकू आला. तेवढ्यात तिची नजर फरशीकडे गेली.

काथोडने मांडी नीट घातली. धोतर गुडघ्यावर सारखं केलं. वर बघायची त्याची हिंमत नव्हती.

हिराबाय बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग ती म्हणाली, “बैल न्हाय आणला?”

“न्हाय,” काथोड म्हणाला. “आज मोकला हाय.”

ती पुढे झाली आणि तिने रेशम्याला त्याच्या मांडीवर ठेवलं.

मी पुष्कळ जनावरांचे केस काढले आहेत, पण मामाच्या मांडीवर बसलेल्याचे पहिल्यांदाच काढत होतो. काथोडने डावा हात रेशम्याच्या हनुवटीखाली धरला आणि उजवा पाठीवर. रेशम्याने एकदा उसळी घेतली, मग त्या हातात शांत झाला. मी पहिली बट कापली तशी हिराबाय चटकन खाली बसली आणि तिने पदर पसरला. “भुईवं पडू देऊ नका,” ती म्हणाली. जावळाचे केस जमिनीवर पडू द्यायचे नसतात. मग मी एक एक बट कापून तिच्या पदरात टाकत गेलो. बट कसली, तेलकट काळे गोळे होते ते, त्यांना वास येत होता. तिने नाक मुरडलं नाही. जावळाचं कौतुक करतात तसं ती प्रत्येक गोळा पदरात घेत होती.

कानामागचा भाग शेवटी घेतला. तिथली वाकळ उचलली तेव्हा खाली किडे वळवळत होते. मी ते चिमट्याने काढायला लागलो. रेशम्या ओरडला आणि त्याने काथोडच्या मनगटाला दात लावले. काथोडने हात काढला नाही. “चाव,” तो रेशम्याला म्हणाला. “चाव, मामाला न्हाय चावनार तर कोनाला?”

बुधाजी दारातून बाहेर गेले. हिराबाय पदर पसरून तशीच बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायला तिचे हात मोकळे नव्हते.

डॉक्टरसाहेबांनी कानात बॅटरी मारून बघितलं. किडे आतल्या पडद्यापर्यंत गेले नव्हते. “वाचला,” ते म्हणाले आणि लगेच पुढच्या म्हशीकडे वळले, कारण त्यांना चष्मा पुसायचा होता.

सगळे केस निघाल्यावर आत एक मुठीएवढं गुलाबी, कुडकुडणारं कुत्रं निघालं. हिराबाय त्याच्याकडे बघून हसली. “एवढासाच हाय काय रे तू?” काथोडने पिशवीतून नारळ काढला. त्याबरोबर एक लहान टोपडंही होतं, पिवळं, जरीच्या काठाचं, घडीवर विरलेलं. ते त्याने काढलं आणि परत आत ठेवलं. हिराबायने बघितलं, मी बघितलं. नारळ आम्ही दवाखान्याच्या पायरीवरच फोडला आणि खोबरं रांगेतल्या सगळ्यांना वाटलं. म्हशीवाल्याने विचारलं, कशाचं? मी म्हणालो, जावळाचं. त्याने “बरं” म्हणून खाल्लं. केस हिराबायने पदरात बांधून नेले आणि कामवारी नदीत सोडले.

यानंतर माझं खरं काम सुरू झालं. मी बुधाजींना बजावलं, आता केस येतील ते रोज विंचरायचे. एक दिवस चुकवायचा नाही. जखम भरली म्हणून सोडून द्याल तर पुढच्या श्रावणात परत इथेच. बुधाजी म्हणाले, “विंचरू कशानं? आमची फणी त्या केसात मोडते.” तेव्हा भिवंडीत कुत्र्याचा ब्रश कुठे मिळणार. मग ते आपणच म्हणाले, “थांबा. फणी तर कारखान्यात पडून हाय.”

लूमवर उभे धागे ज्या पोलादी दातांच्या चौकटीतून ओवलेले असतात, तिलाही फणीच म्हणतात. दात वाकले की ती भंगारात जाते. बुधाजींनी तसली एक फणी सेठला विचारून घेतली, मधून कापली, एका बाजूचे दात कानशीने गोल घासले आणि वर लाकडाची मूठ बसवली. माझ्या हाताच्या मागच्या बाजूवर मी ती ओढून बघितली. अजिबात टोचत नव्हती. ज्या कापसाने रेशम्याच्या केसांची वाकळ केली, तो कापूस काढायला कापसाच्याच कारखान्यातली फणी निघाली. मी पुढे कितीतरी जणांना तशा फण्या करायला लावल्या. त्या तेलकट शेळीच्या जॉबरलासुद्धा.

भाऊबिजेला बुधाजींनी मला फराळाला बोलावलं. मी गेलो तेव्हा ओट्याच्या कडेला काथोडच्या वहाणा होत्या. हिराबायने त्याला ओवाळलं, त्याने ताटात लुगडं घातलं. मी म्हटलं, आता रडारड होणार, पण तसं काही झालं नाही. दोघं भाताबद्दल बोलत बसली, झोडणी कधी, पेंढा कोणाला द्यायचा. मध्येच रेशम्या येऊन काथोडच्या मांडीवर चढला. त्याचे केस आता बोटभर वाढले होते, पांढरे, स्वच्छ. बुधाजींनी फणी काथोडच्या हातात दिली आणि तो विंचरायला लागला. डाव्या कानामागे गेला की हात आपोआप हलका करायचा.

हिराबाय करंजीचं ताट घेऊन आली ती तिथेच थांबली. बघत राहिली. मग ताट खाली ठेवून भावाशेजारी बसली.

“दिनेशचं पन असंच मऊ व्हतं,” ती म्हणाली.

त्या घरात ते नाव मी हिराबायच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. काथोडचा हात थांबला.

“मना काय ठाव,” तो अगदी हळू म्हणाला. “मी कुठं हात लावला व्हता.”

हिराबायने त्याच्या हातातली फणी काढून घेतली. त्याचा तो घट्टे पडलेला तळवा उलटा केला आणि रेशम्याच्या पाठीवर ठेवला.

“असंच,” ती म्हणाली. “बघ. असंच व्हतं.”

काथोड मान खाली घालून हात फिरवत राहिला. बुधाजींनी मला करंजी दिली. मी ती हातात घेऊन तसाच बसलो.